नवव्या मजल्याची तार

वेंग मिस्त्रीला माझ्या दुकानात काहीही फुकट मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवते. तीस वर्षं रोज सकाळी येऊन त्याच स्टुलावर बसतो म्हटल्यावर लोकांना वाटतं, या माणसाचं आणि मालकिणीचं काहीतरी असणार. काही नाही हो. त्याला लागतं ते बिनसाखरेचं सोयादूध, मुळ्याच्या वड्यांवर फोडलेलं एक अंडं आणि माझा एखादा टोमणा. टोमण्याचे पैसे मी लावत नाही, एवढंच.

दुकान म्हणजे सकाळच्या न्याहारीचं. तैवानातल्या कीलुंग बंदराच्या मागच्या गल्लीत ‘सुवर्णलाट’ नावाची इमारत आहे, तिच्या तळमजल्यावर. नावावर जाऊ नका. सोनं कुठं दिसत नाही, आणि लाट बघायची तर गच्चीवर जाऊन समोरच्या पाण्याच्या टाक्यांमधून मान वाकडी करावी लागते. ज्यानं इमारत बांधली त्याला बाकी सगळ्यासाठी जागा सापडली, फक्त बारीक तारांच्या मुख्य पेटीसाठी सापडली नाही. म्हणून ती पेटी माझ्या स्वयंपाकघरात, फ्रीजच्या मागे. दाराच्या घंट्या, टेलिफोन, टीव्ही, कॅमेरे, लिफ्टमधला बोलायचा डबा, चाळीस घरांचं सगळं तिथून वर जातं. म्हणजे इमारतीत कुणाची घंटी बिघडली की वेंग माझ्या कोबीवर पाय देऊन आत शिरणार, हे ठरलेलं.

दिवे आणि गिझर चालवते ती दांडगी वीज, आणि वेंगची ती दुबळी वीज. त्यांच्या धंद्यात नावच तसं आहे. दांडग्या विजेचे मिस्त्री वेंगकडे, सर्जननं न्हाव्याकडे बघावं तसं बघतात. एकदा त्यांतला एक माझ्याच दुकानात म्हणाला, “तुझी तार जिभेला लावली तरी माणूस मरत नाही. याला काय वीज म्हणायची?”

“म्हणून तर माझी गिऱ्हाइकं पुन्हा येतात,” वेंग म्हणाला आणि सोयादूध प्यायला लागला.

वेंग रुईफांगचा. बाप कोळशाच्या खाणीत होता. पोरानं जमिनीखाली जाऊ नये म्हणून बापानं त्याला टेलिफोनच्या खांबावर चढायला पाठवलं. पुढे खांब सुटला आणि इमारती आल्या. आता वय सहासष्ट, गुडघे वाजतात, सुपारीनं दात विटकरी झालेत. चाळीस घरांच्या घंट्या वाजत्या ठेवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरची घंटी अकरा वर्षं बंद आहे. मी एकदा गेले होते. पाच मिनिटं खालून बोंबलले, तेव्हा बायकोनं खिडकीतून किल्ली फेकली.

“अहो मिस्त्री, लाज नाही वाटत?”

“घरात घंटी वाजली की कुणीतरी काम घेऊन येतं, मालकीणबाई.”

त्याच्या कामाची पद्धत मी सांगते, तुम्ही डोक्याला हात लावा. मेलेली तार तो कधीही काढत नाही. एखादं घर विकलं, टेलिफोन गेला, टीव्ही हवेतून यायला लागला, तरी जुनी तार तिथंच. का, तर तिच्या शेजारची तार जिवंत असते, आणि मेलेली ओढायला गेलं की जिवंत तुटते. पेटी उघडली की आत वाडगाभर शेवया सांडल्यासारखं दिसायचं. पण त्याला विचारा, ही कुणाची? बघतासुद्धा नव्हता, बोटानं चाचपून सांगायचा.

कारण त्यानं प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावली होती, आणि पट्टीवर घराचा नंबर नव्हता. घरं बदलतात, भाडेकरू बदलतात, नंबर कुणाच्या लक्षात राहतात? असं त्याचं म्हणणं. मग लिहिलं काय होतं, ते पुढे येईलच. अख्ख्या इमारतीसमोर आलं.

आधी ती एक तार. सहा वर्षांपूर्वीच्या थंडीत एका दुपारी वेंग आला आणि मला न विचारता माझ्या कढईमागच्या भिंतीला भोक पाडायला लागला.

“हे काय चाललंय?”

“घंटी.”

“कुणाची?”

“नवव्या मजल्यावरच्या दूकाकांची. झटका येऊन गेलाय, डावा पाय ओढतात, पोरगा कॅनडात. कुणीतरी लक्ष ठेवायला नको?”

“आणि ते कुणीतरी म्हणजे मी?”

“तुम्ही पहाटेपासून इथं उभ्याच असता. रोज साडेसहाला ते एकदा दाबतील. तुमच्याकडे वाजली, म्हणजे आहेत. तुम्ही उलट एकदा दाबायचं, म्हणजे त्यांना कळेल की पोचलं. नाही दाबलं तर दाबतच बसतील, म्हाताऱ्या माणसांचं तुम्हाला माहीत आहे.”

“आणि वाजलीच नाही तर?”

“तर वर जाऊन बघायचं.”

“मला विचारायची पद्धत आहे की नाही?”

“विचारतोच आहे की,” म्हणत त्यानं बटण बसवूनसुद्धा टाकलं. “आणि एक. त्यांच्यापाशी हा विषय काढायचा नाही. तीस वर्षं बंदरातल्या क्रेनवर बसून सगळ्यांच्या टकलांकडे बघितलेला माणूस आहे तो. न्याहारीवाली आपल्यावर पहारा ठेवते असं कळलं, तर घंटी उपटून समुद्रात टाकेल.”

मी विषय काढला नाही. रोज साडेसहाला कढईमागे ‘टिंग’ व्हायचं, मी पिठाच्या हातानं बटण दाबायची, की झालं. माझी काय फार मोठी सेवा नव्हती ती. तरी दर्याच्या माझू देवीच्या देवळात उदबत्ती लावताना मी हे देवीच्या कानावर घालायची. आपण केलेलं चांगलं काम आपणच सांगितलं नाही तर देवांना तरी कुठून कळणार? दूकाका कधी लिफ्टपाशी भेटले की काठीवर रेलून विचारायचे, “बरी आहेस ना पोरी? चक्करबिक्कर नाही ना?” स्वतःचा पाय फरफटतोय आणि माझी चौकशी. म्हातारपणी माणसं अशीच होतात, असं म्हणून मी सोडून द्यायची.

तर यंदा इमारतीच्या समितीला आधुनिक व्हायची हुक्की आली. अध्यक्ष तोंगसाहेब शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. घरी विद्यार्थी उरले नाहीत, म्हणून आम्हाला शिस्त लावतात. त्यांनी तैपेईहून एक कंपनी आणली. आता म्हणे दारापुढे चेहरा धरला की दार आपोआप उघडणार. आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांचे सकाळचे चेहरे त्यांच्या बायकांना ओळखू येत नाहीत, पण यंत्र ओळखणार! सगळ्या जुन्या तारा कापून काढायच्या आणि एकच नवी जाड तार वर न्यायची. कंपनीचा इंजिनियर ल्याओ. पस्तिशीचा, इस्त्रीचं जाकीट, चार वेळा ‘बरोबर ना?’ विचारल्याशिवाय एक वाक्य संपवणार नाही.

पाहणीसाठी पेटी उघडायची म्हणून तोंगसाहेब, समितीचे चौघं आणि ल्याओ माझ्या फ्रीज आणि मोरीच्या मधल्या जागेत उभे राहिले. एकाच्या कोपराशी उकळतं सोयादूध होतं. ल्याओनं बॅटरी मारली आणि पहिली चिकटपट्टी मोठ्यानं वाचली.

“‘दोन कुत्री, एक नवरा.’”

सगळे हसले. ते घर सहाव्या मजल्यावरचं, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

“‘खोकला.’ ‘दार आपटते.’ ‘पियानो, देवा सोडव.’”

मंडळी खूश. खजिनदारीणबाई तर डोळे पुसत होत्या. मग ल्याओ वाचता झाला, “‘हिशेब विचारला की रडते,’” आणि खजिनदारीणबाईंचं हसू जागच्या जागी थांबलं.

“‘मालकीणबाई, आधी पोटभर बोलू द्यावे, मग काम सुरू करावे.’”

मला राग आला नाही. म्हणजे आला, पण तो मला नंतर वेंगच्या अंड्यात मिठाच्या रूपानं घालता येणार होता.

“‘फुकटात होईल का.’”

कुणी तोंगसाहेबांकडे बघितलं नाही, आणि त्यावरूनच सगळ्यांना कळलं. तीस वर्षांत तोंगसाहेबांनी वेंगला जेवढ्या वेळा बोलावलं, तेवढ्या वेळा हेच वाक्य म्हटलं होतं. आता ते त्यांच्या तारेवर, वेंगच्या वेड्यावाकड्या अक्षरात, वीसेक वर्षं लटकत होतं.

दोन दिवसांनी समितीची सभा. ठराव झाला की श्री. वेंग यांनी यापुढे इमारतीच्या कोणत्याही तारेला हात लावू नये. सात विरुद्ध शून्य. ज्यांच्या पट्ट्या वाचल्या गेल्या त्या सगळ्यांनी हात वर केले, आणि ज्यांच्या राहिल्या होत्या त्यांनी घाबरून केले.

वेंग सभेला नव्हताच. मी सांगितलं, तर वड्यांवर मिरचीची चटणी ओतत म्हणाला, “बरं.”

“बरं काय? तीस वर्षांचं काम गेलं तुमचं!”

“जाऊ दे. पण ती नवव्या मजल्याची तार तेवढी ठेवायला सांगा.” एवढं म्हणून तो वर बघायला लागला. एरवी हा माणूस कुणापाशी काही मागत नाही.

मी समितीपुढे उभी राहिले. एकटा म्हातारा, एक पाय अधू, घंटी वाजली नाही तर कुणाला कळणार, सगळं बोलले. सभेत एवढं सरळ मी आयुष्यात बोलले नव्हते. तोंगसाहेबांनी चष्मा पुसला, मान डोलावली आणि ठरावाच्या वहीत आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘नववा मजला, घर दुसरे, राखाडी तार. मानवतेच्या दृष्टिकोनातून कापू नये.’ वाचून दाखवताना त्यांचा आवाजही जरा ओला झाला. मानवता एका तारेत भागली म्हणून असेल.

मी ल्याओला म्हटलं, “इंजिनियरसाहेब, नेमकी तार कोणती ते वेंगला एकदा विचारून घ्या.”

“त्यांना हात लावायला बंदी आहे, बरोबर ना?”

“हात लावायला. बोट दाखवायला नाही.”

“काकू, लेखी सूचना आहे. आम्ही मजले मोजून काम करतो. काळजी नको, बरोबर ना?”

आणि दुपारी दुकान बंद करून मी पडले होते तेव्हा त्यांनी जिन्यातल्या मजल्यामजल्याच्या पेट्या उघडून तारा कापल्या. पोत्यात भरभरून खाली आणल्या. संध्याकाळी ल्याओनं माझ्या फ्रीजमागे नवं चकचकीत यंत्र बसवलं. ते नीट वागावं म्हणून त्याच्या डोक्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं. आमच्याकडे सगळ्या यंत्रांवर ठेवतात, मुदत उलटली की यंत्र रुसतं म्हणे; तैपेईचा इंजिनियर झाला तरी पाकीट हवंच. मी मुदत बघून घेतली, संपलेली नव्हती.

“माझी तार?”

त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. राखाडी तार, तिच्यावर पांढरी पट्टी, पट्टीवर ‘कापू नये’. वा. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी साडेसहा वाजले. घंटी वाजली नाही.

मी घड्याळाकडे बघितलं. सहा पस्तीस. शाळेच्या पोरींची रांग लागली होती, वेंग आपल्या स्टुलावर होता. मी बटण दाबलं. एकदा, दोनदा. वरून काही नाही. दूकाकांचा फोन लावला, वाजून वाजून थांबला. सहा वर्षांत हा माणूस एकदाही चुकला नव्हता, वादळाच्या दिवशीसुद्धा नाही. तार शाबूत असल्याचा फोटो तर मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. म्हणजे मग उरतं काय?

“मिस्त्री,” मी म्हटलं. “वाजली नाही.”

वेंग उठलाच. “तुम्ही पळा. माझे गुडघे तिसऱ्या मजल्यावर बसतील. तवा मी बघतो.”

लिफ्ट ल्याओच्या मंडळींनी कालपासून बंद ठेवली होती, आत कॅमेरा बसवायचा होता ना! उलथनं हातातच घेऊन मी जिना चढायला लागले. वय अठ्ठावन्न, वजन सांगणार नाही. दुसरा मजला, तिसरा. डोक्यात भलतंसलतं. पडले असतील का? कुठं? न्हाणीघरात? किती वेळ झाला असेल? देवी माझू, मी आता तुझ्यापाशी कधी बढाई मारणार नाही. काल संध्याकाळी एकदा वर जाऊन का नाही आले मी?

तिसऱ्याच्या वर गेले, तर पुढच्या मजल्याच्या पायरीवर कुणीतरी बसलेलं. पायजमा, एकाच पायात चप्पल, हातात काठी, तोंड पांढरंफटक. दूकाका! मला बघून त्यांनी काठीच आपटली.

“जिवंत आहेस!”

“मी? अहो, तुम्ही जिवंत आहात!”

“मला काय धाड भरलीय? तीस वेळा दाबलं मी! तीस वेळा! उत्तर का देईनास?”

“वाजलीच नाही हो घंटी. मला वाटलं तुम्हाला काही झालं. म्हणून बघायला...”

“मला बघायला?” ते असे चिडले की खोकला लागला. “तू कोण मला बघणारी? तुझ्यावर लक्ष मी ठेवतोय! सहा वर्षं!”

मला आधी वाटलं, दुसरा झटका आलाय, काहीतरी बरळतायत. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. दोघंही धापा टाकत होतो.

“दूकाका, वेंगनं मला सांगितलंय सगळं. तुम्ही एकटे, पाय असा, म्हणून ती घंटी...”

“वेंगनं?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “वेंगनं मला सांगितलं की खालची बाई एकटी असते. नवरा गेल्यापासून पहाटे उकळत्या तेलापुढे एकटी. त्या थंडीत सकाळी फ्रीजपाशी बेशुद्ध पडलेली त्याला सापडली, कपाळाला खोक, आणि वर त्यालाच दम देते की कुणाला सांगितलंस तर बघ. म्हणाला, काका, तुम्ही रोज एकदा दाबा, तिनं उलट दाबलं म्हणजे उभी आहे. नाही दाबलं तर खाली जा. पण तिच्यापाशी बोलू नका, फार मानी बाई आहे, घंटी उपटून फेकून देईल. तिला मी वेगळंच काहीतरी सांगतो.”

हो. पडले होते मी. ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे सांगायचं नव्हतं. सगळ्या गल्लीला मी ‘कपाट लागलं’ म्हणून सांगितलं होतं.

आम्ही खाली यायला लागलो. वर नेते म्हटलं तर ऐकेनात, “एवढा आलोय तर न्याहारी करूनच जातो.” चार मजले उतरून आला होता तो म्हातारा, एका पायानं, माझ्यासाठी. त्यांचा हात माझ्या खांद्यावर, माझा हात त्यांच्या कमरेला, आणि माझं दुसरं मन वेंगला काय काय म्हणायचं ते पाठ करत होतं.

दुकानात वेंग माझा एप्रन बांधून तव्यापुढे उभा होता. अंड्याची धिरडी त्यानं गादीएवढी जाड केली होती. पोरी मुकाट्यानं घेऊन जात होत्या. आम्हा दोघांना दारात बघून त्यानं डोळे मिटले, एक मोठा श्वास सोडला आणि मग लगेच तव्यात बघायला लागला.

“लबाडा!” मी गिऱ्हाइकांसमोरच सुरू झाले. “सहा वर्षं! मला म्हणतोस यांच्यावर लक्ष ठेव, यांना म्हणतोस माझ्यावर ठेव! थोबाड वर करून रोज वड्या खातोस! फसवलंस ना मला?”

“हो.”

“हो काय? का फसवलंस?”

“तुझी काळजी कुणी घेतलेली तुला चालत नाही,” वेंग म्हणाला. तीस वर्षांत तो मला पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला. “दुसऱ्याची घ्यायला सांगितली की चालते. यांचंही तेच.”

मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. पण तोंड उघडलं आणि रडूच आलं. सरळ रडले, एप्रन त्याच्याकडे होता म्हणून बाहीला डोळे पुसत. दूकाका म्हणाले, “आता हिला पुन्हा चक्कर येईल,” आणि मला स्टूल दिलं. वेंगचं स्टूल.

एवढ्यात ल्याओ आला, आणि गलका ऐकून तोंगसाहेबही. वेंगनं एप्रन सोडला, पक्कड घेतली आणि जिन्याकडे निघाला.

“थांबा. ठराव आहे,” तोंगसाहेब म्हणाले.

“सर,” दूकाका म्हणाले, “मी या काठीनं क्रेनच्या पोरांना सरळ केलंय.”

ठराव बाजूला झाला. वेंग मजल्यामजल्यावर बसत वर जाऊन परत आला तेव्हा त्याच्या हातात ल्याओच्या त्या पांढऱ्या पट्टीवाल्या तारेचा तुकडा होता. ‘कापू नये’.

“ही दहाव्याची. टीव्हीची. ते लोक पंधरा वर्षांपूर्वी ताइचुंगला गेले. नवव्याची कापलीत तुम्ही.”

ल्याओचा चेहरा उतरला. “पण मी स्वतः मोजलं. खालून एक, दोन, तीन... नवव्या पेटीतली ठेवली. बरोबर ना?”

“या इमारतीत चौथा मजला नाही,” वेंग म्हणाला. “तिसऱ्यावर पाचवा.”

खरंच की! आम्ही इथं राहून विसरलोय. चार म्हटलं की आमच्या बोलीत मरण म्हटल्यासारखं ऐकू येतं, म्हणून बांधणाऱ्यानं तो आकडाच गाळला. मजला आहे, आकडा नाही. ल्याओनं मोजलेला नववा तो आमचा दहावा.

“मग हे कागदावर का नाही लिहिलं?” ल्याओ जवळजवळ ओरडलाच.

“कसं लिहिणार?” मी नाक पुसत म्हटलं. “लिहायचं तर चार लिहावं लागलं असतं. विचारा तोंगसाहेबांना.”

“सकाळी सकाळी अशुभ बोलू नका,” तोंगसाहेब म्हणाले, आणि लगेच लाकडी टेबलाला हात लावून घेतला. मानवतेच्या दृष्टिकोनातून एक माणूस मरता मरता वाचला होता, पण आकडा काही तोंडातून निघाला नाही.

तीच दहाव्याची तार वेंग वर नवव्याच्या घंटीला जोडून आला होता, अर्ध्या तासात त्यानं खालचं टोक माझ्या घंटीला जोडलं. लागली की नाही ते बघायला वर कुणीतरी जाऊन दाबायला हवं. दूकाका इथं, लिफ्ट बंद, वेंगचे गुडघे त्या एका चढण्यातच गेलेले. ल्याओ उठला, तर वेंग म्हणाला, “तुम्ही नको, तुम्ही दहाव्यावर जाल.” शेवटी तोंगसाहेब गेले, कुरकुरत. पंधरा मिनिटांनी कढईमागे टिंग झालं. मी उलट दाबलं. खालच्या साऱ्या दुकानानं, शाळेला उशीर झालेल्या त्या पोरींनीसुद्धा, टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या ते त्यांनाही ठाऊक नसणार.

दूकाका वड्या खात होते. तोंडात तुकडा असतानाच म्हणाले, “गेल्या वर्षी, कबरी झाडायच्या सणाच्या आदल्या दिवशी, तू वीस मिनिटं उत्तर दिलं नव्हतंस. आठवतं? तेव्हाही निघालो होतो मी. बूट चढवले, लिफ्टचं बटण दाबलं, तेवढ्यात मागे घरात वाजलं. भिंत धरून खालीच बसलो बघ.” मग हसले. “तुझे हात कामात अडकले असतील.”

“हो काका,” मी म्हटलं. “अडकले होते.”

अडकले नव्हते. त्या दिवशी घंटी मी नीट ऐकली होती. बटण हाताशी होतं. पुढे रांग होती, आणि मी मनाशी म्हटलं होतं, थांबेल की म्हातारा, त्याला कुठं जायचंय.